न्यार गेमचे सात दिवस

गुरुवारी सकाळी डॉक्टर रिस्परने न्यार गेमच्या हातातली सलाईनची सुई काढली, तिथे कापसाचा बोळा दाबला, आणि तेव्हापासून बायकांच्या वॉर्डात तिच्याशी कुणी धड बोलेना. बारा खाटांच्या त्या वॉर्डात सुई म्हणजे उपचार आणि गोळी म्हणजे बोळवण, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तर मान दुसरीकडे वळवली. एखाद्या घरातलं भांडण नको तेव्हा कानावर पडावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

"म्हणजे आता काही उरलं नाही का हिचं?" लिओनिडाने विचारलं.

लिओनिडा म्हणजे न्यार गेमची धाकटी सवत. दोघींचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. एका कोंबडीवरून दोघींचं बोलणं बंद होतं आणि अंगणात मधोमध कुंपण घातलेलं होतं. पण न्यार गेमची पोरं लांब मोम्बासाला, आणि सोमवारी तिला हुडहुडी भरून दात वाजायला लागले तेव्हा कुंपणापलीकडून आवाज ऐकणारी ही एकटीच. तिनेच मोटरसायकलवाल्याला थांबवून तिला मध्ये बसवलं, स्वतः मागून घट्ट धरलं आणि इथे आणलं. तेव्हापासून खाटेखाली चटई टाकून ती इथेच होती. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, आणि अधूनमधून सवतीला टोमणे मारायची.

"उलट आहे," रिस्पर म्हणाली. "बरी होतेय म्हणून काढली. कालपासून ताप नाही, खातेय, उठून बसतेय. आता गोळी तेच काम करते जे सुई करत होती. सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारपर्यंत. सात दिवस झाले की बास."

"सात?" सिस्टर जेनिफाने औषधांच्या ट्रॉलीमागून विचारलं. जेनिफाला या रुग्णालयात सव्वीस वर्षं झाली होती. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. "रक्तात जंतू सापडले आणि सात दिवस? आमच्या वेळी चौदाच्या खाली कुणी बोलत नव्हतं."

"आमच्या वेळी मोजून बघितलं गेलं, सिस्टर. साधा संसर्ग असला तर सातात आणि चौदात फरक पडत नाही."

"साधा," जेनिफा म्हणाली आणि ट्रॉली ढकलत पुढे गेली.

तो एक शब्द रिस्परच्या मनात दिवसभर खुपत राहिला. कारण सगळं त्या शब्दावर उभं होतं. रक्ताची बाटली तिने सोमवारीच काउंटीच्या प्रयोगशाळेत पाठवली होती, बुधवारी फोनवर उत्तर आलं: लघवीच्या मार्गातून रक्तात शिरलेले नेहमीचे जंतू, इंजेक्शनालाही दबणारे, गोळीलाही दबणारे. रक्तदाब एकदाही घसरला नव्हता. आत कुठे पू साठल्याची खूण नव्हती. गेल्या वर्षी किसुमूच्या प्रशिक्षणात सांगितलेलं एकूण एक लक्षण जुळत होतं. शिवाय कपाटात इंजेक्शनच्या चारच बाटल्या उरल्या होत्या आणि औषधांची गाडी यायला आठवडा होता. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर ओकुमूंना तिने फोन केला तेव्हा तेही म्हणाले, तू बघितलंयस, तुला साधं वाटतंय तर कर. रिस्पर काही पूर्ण डॉक्टर नव्हती. तीन वर्षांचं शिक्षण झालेली क्लिनिकल ऑफिसर होती. पण त्या गावात डॉक्टर म्हणून लोकांसमोर उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे सगळे तिला डॉक्टर म्हणत आणि चुकलं तर डॉक्टरसारखंच धारेवर धरत.

लिओनिडाने तिला व्हरांड्यात गाठलं.

"डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं खरं असेल. पण माझं ऐका. आमचं कसं आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. उद्या ती माझ्या हातचं खाऊन गेली तर तुमच्या सात दिवसांचं कुणी विचारणार नाही. थोरले दीर म्हणतील, लिओनिडाने काय घातलं ताटात. तिला तुम्ही सुईच द्या. सगळ्यांना दिसते ती. गोळी गिळली की दिसत नाही."

रिस्परने तिचा हात धरला. हात गार पडला होता. "ती जाणार नाही," ती म्हणाली. असं बोलायचं नसतं हे तिला शिकवलेलं होतं.

लोक गोळ्या पुढच्या आजारपणासाठी फडक्यात बांधून ठेवतात हे रिस्परला माहीत होतं, म्हणून गोळी ती स्वतःच द्यायची. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला यायची, न्यार गेमच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि ती घशाखाली उतरेपर्यंत उभी राहायची. कशाबरोबर घ्यायची नाही हेही तिने लिओनिडाला तीनतीनदा बजावलं होतं. दूध नाही, दह्यातली आंबील नाही, जळजळीचं औषध नाही, लोहाची गोळी नाही. ती सगळी या औषधाला पोटातच अडवतात.

"दूध नाही म्हणजे नाही," लिओनिडा म्हणाली. "हिच्या वाटचं मीच पिते. चार वर्षांत पहिल्यांदा हिच्या वाटचं काही मिळतंय."

"पी, पी," न्यार गेम उशीवरून म्हणाली. "उयोमाची, सरोवराकाठची माणसं तुम्ही, मासे सोडून दुसरं काही बघितलंय कुठे."

ती बोलू लागली होती यातच रिस्परला समाधान होतं. न्यार गेम म्हणजे गेम भागातली लेक. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला सगळे माहेरच्या नावाने ओळखत. रिस्परची आईही गेमचीच, त्या नात्याने ही तिची मावशी. मंगळवारी आणि शुक्रवारी न्यार गेम बाजारात गोणपाटावर ओदोव्याचे ढीग लावून बसायची. टेकडीतून खणून काढलेले हे मऊ, पांढरट गुलाबी दगड तालुक्यातल्या निम्म्या गरोदर बायका तिच्याकडूनच घेत. दाताखाली कुरकुरतात, आणि वास नुकत्याच सारवलेल्या भिंतीचा. रिस्परला सातवा महिना होता. पहिल्या महिन्यापासून तिचा जीव त्या वासासाठी कासावीस व्हायचा, आणि एप्रनच्या खिशात एक तुकडा कायम असायचा.

त्यामुळे गोळी गिळून झाली की रिस्पर सुजलेले पाय जरा लांब करून खाटेच्या कडेला टेकायची. न्यार गेम उशाखालचं फडकं सोडायची, आतला दगड दोन भागांत मोडायची, मोठा तुकडा पोरीला द्यायची आणि लहान स्वतःच्या तोंडात टाकायची. गोळीने तिला मळमळायचं, ओदोव्याने बरं वाटायचं. दोघी काही न बोलता कुडुकुडु चावत बसायच्या. दिवसाच्या त्या दोन वेळा सोडल्या तर रिस्परला कुणी काही देत नसे, सगळे मागतच असत.

शुक्रवार बरा गेला. शनिवारी संध्याकाळी न्यार गेमने मक्याच्या पिठाची उगाली अर्धी सोडली. रिस्परने विचारलं तर म्हणाली, "ओमेनाचे मासे खारट केलेत हिने. मुद्दाम." लिओनिडा काही बोलली नाही, आणि लिओनिडा बोलली नाही म्हणूनच रिस्परला चैन पडेना. ताप बघितला. नव्हता. पण हाताला अंग किंचित कोमट लागलं, की तसं वाटलं, हे तिला ठरवता येईना.

रविवारी सकाळी व्हरांड्यातच लिओनिडा उभी होती. तिने काही सांगायची गरज नव्हती.

न्यार गेम भिंतीकडे तोंड करून पडली होती, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि खाटेचे पाय फरशीवर खडखडत होते. ताप अडतीस पूर्णांक नऊ. रिस्परने पुन्हा बघितला. तेवढाच. आजूबाजूच्या अकरा खाटांवरची डोकी वळली, आणि जेनिफाची ट्रॉली चाक कुरकुरवत जवळ आली.

जेनिफा तोंडाने काही म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. तिने ट्रेमधून सुई, सलाईन आणि इंजेक्शनची बाटली काढून ठेवली आणि वाट बघत उभी राहिली. रिस्परने सुई लावली. शीर दुसऱ्या वेळी सापडली. रक्ताच्या बाटल्या भरल्या. मग बाहेर चिंचेखाली जाऊन फोन लावला.

"साधा संसर्ग आहे असं तू म्हणालीस," डॉक्टर ओकुमू म्हणाले.

"हो सर."

"तसा असता तर सातव्या दिवशी ताप उलटला नसता. कुठेतरी पू आहे. नाहीतर खडा. गोळ्या बंद कर, इंजेक्शन चालू ठेव. उद्या सकाळी मी सोनोग्राफीचं मशीन घेऊन येतो, मूत्रपिंडं बघू." मग ते म्हणाले, "रिस्पर, बाई साठीची आहे. आज तिच्यापासून हलू नकोस."

ती हलली नाही. दर तासाला रक्तदाब बघितला. दर वेळी पट्टा फुगवताना तिला वाटायचं, आता घसरलेला असणार. घसरला नाही. मधल्या वेळात ती गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करत बसली. तारीख बरोबर होती, शिक्का बरोबर होता. एक गोळी तिने जिभेला लावून बघितली, कडू जहर होती. जंतूंनी तीन दिवसांत गोळी ओळखायला शिकलं असेल का? की आत पू आहे आणि तिला दिसलाच नाही? की सिस्टर म्हणते तेच खरं, आणि किसुमूच्या त्या गार खोलीत पडद्यावर दाखवलेले आकडे दुसऱ्या कुठल्या बायकांचे होते, न्यार गेमचे नव्हते? आपण एका माणसाचा जीव आकड्यांवर टाकला, असं तिला वाटत राहिलं. पोटातलं बाळ दिवसभर लाथा मारत होतं.

दुपारी चर्च सुटल्यावर थोरले दीर आले. एझेकिएल ओदुओर, कोट घातलेला, हातात काठी. त्यांनी खाटेजवळ उभं राहून सलाईनकडे बघितलं, मग लिओनिडाकडे.

"काय खायला घालतेस तिला?"

"सगळे खातात तेच, भाऊजी."

"सगळ्यांना ताप आला नाही."

लिओनिडाने पदरासारखी अंगावरची लेसो घट्ट ओढून घेतली आणि ती खाटेखालची भांडी आवरू लागली. आवरलेलीच होती ती.

सोमवारी डॉक्टर ओकुमूंनी मशीन न्यार गेमच्या कमरेवरून फिरवलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. "पू नाही," ते म्हणाले. "खडा नाही. स्वच्छ आहे." प्रयोगशाळेतूनही फोन आला: रविवारच्या बाटलीत वाढू लागलेले जंतू तसेच दिसताहेत, पक्कं उद्या सांगू. ओकुमू घाईत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "मग गोळी लागू का पडली नाही ते शोध." ही आनंदाची बातमी होती आणि रिस्परला तिने आणखीच घेरलं. पू असता तर निदान चूक तिथे होती असं म्हणता आलं असतं.

सोमवार म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. त्या रांगेत शेवटी रिस्परलाही बसावं लागायचं. जेनिफाने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि यंत्राकडे बघून भुवया चढवल्या.

"हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. गेल्या महिन्यात नऊ होतं, वाढायला हवं होतं. लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

"रोज."

"मग जातात कुठे त्या? खिशात?"

"घेते हो, सिस्टर."

"ओदोवा चालू आहे का?"

"छे."

जेनिफाने खिशातला रुमाल काढला, रिस्परच्या ओठाचा कोपरा पुसला आणि रुमाल तिच्यासमोर धरला. पांढरी भुकटी. "मला चार पोरं झालीत, बाई, आणि चारही वेळा खाल्लाय. मला शिकवू नकोस. ती माती गोळीला पोटात धरून ठेवते, सोडत नाही. वरून घातलेली गोळी तशीच खाली जाते. हे मी रोज त्या बाकावरच्या बायकांना सांगते आणि तू इथे बसून..."

जेनिफा पुढेही बोलत होती. रिस्परला ऐकू येत नव्हतं. दूध नाही, आंबील नाही, जळजळीचं औषध नाही, लोह नाही. सगळं विचारलं होतं तिने. ओदोवा नव्हता विचारला. तो ना अन्न, ना औषध, तो कुठल्या यादीत असतो? तो तर खिशात असतो. आठ वाजता गोळी, आणि आठ वाजून दोन मिनिटांनी मावशीने मोडलेला दगड. संध्याकाळी पुन्हा. स्वतःच्या डोळ्यांदेखत. स्वतःच्या दातांनी.

ती उठली आणि चालू लागली. दंडाला बांधलेला पट्टा आणि त्याची नळी तिच्यामागे लोंबत होती. जेनिफाने हाक मारली, ती थांबली नाही.

वॉर्डात ओदुओर खाटेच्या कडेला बसले होते. लिओनिडा चटईवर. न्यार गेमचा ताप सकाळपासून थोडा उतरला होता, ती डोळे उघडून छताकडे बघत होती.

"मावशी," रिस्परला धाप लागली होती. "ओदोवा. गोळी घेतल्यावर दर वेळी खाल्लास ना तू? एकही वेळ चुकली नाही?"

"नाही," न्यार गेम म्हणाली. "का गं?"

"तो गोळीला अडवतो. औषध रक्तात गेलंच नाही. तीन दिवस तू गोळी घेतलीस आणि घेतली नाहीस, सारखंच."

ओदुओर सावकाश वळले. त्यांनी उशी उचलली. फडकं तिथेच होतं. त्यांनी ते काठीच्या टोकाने चटईवर पाडलं आणि दगड लिओनिडाच्या पायाशी गडगडत गेले.

"हे कुणी आणलं?"

लिओनिडाने वर बघितलं. ओदुओरांकडे नाही, रिस्परकडे. चेहऱ्याकडेही नाही, एप्रनच्या उजव्या खिशाकडे, जिथे तो कायमचा फुगवटा होता. रोज सकाळ-संध्याकाळ तिने याच चटईवरून त्या दोघींना चावताना बघितलं होतं. रिस्परला कळलं की आता ती सांगणार. सांगायलाच हवं होतं तिने.

"मी आणलं," लिओनिडा म्हणाली. "तिने मागितलं, घरी जाऊन आणून दिलं. मी आणलं, भाऊजी."

डॉक्टरीण हातची गेली तर सवतीकडे बघणारं कुणी उरणार नाही, एवढा हिशोब त्या बाईने तेवढ्यात केला होता. स्वतःचा हिशोब केलाच नव्हता.

"आजारी बाईला माती चारलीस," ओदुओर म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा होता, अकरा खाटांना ऐकू जाईल असा. "मला माहीत होतं. घरी सगळ्यांना माहीत होतं. आज समोर आलं."

नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. रिस्परने पुढे आयुष्यभर ते आठवलं, की गप्प राहणं किती सोपं होतं. इंजेक्शन चालूच होतं, मावशी बरी झाली असती, गाव लिओनिडावर खापर फोडून मोकळं झालं असतं. तिने खिशात हात घातला आणि अर्धा चावलेला दगड काढून पलंगावर ठेवला. त्यावर तिच्या दातांच्या खुणा होत्या.

"हा माझा आहे, काका. रोज आम्ही दोघींनी मिळून खाल्ला. गोळी मी द्यायचे आणि लगेच तिच्यासोबत हा खायचे. ही आणून देत होती, कारण कुणी तिला नको म्हणून सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं. मी दूध विचारलं, दही विचारलं. हे विचारलं नाही, कारण माझ्याच तोंडात होतं ते."

ओदुओरांनी काठीच्या टोकाने तो दगड उलटा केला. लिओनिडाची माफी मागायला हवी हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"म्हणजे औषध देणारीनेच औषध मारलं," ते म्हणाले.

"हो."

"मग तुझ्या हाताखाली हिला का ठेवायची? मी गाडी आणतो. शहरात खाजगी दवाखाना आहे, तिथे नेतो."

रिस्पर त्यांच्या जागी असती तर तिनेही गाडीच आणली असती.

"कुणाला नेताय, भाऊजी?" न्यार गेम म्हणाली. ती कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होती, आणि लिओनिडाने न सांगता तिच्या पाठीला हात लावला. "मला विचारा की. शहरातला डॉक्टर गोळी देईल, बरोबर? दूध विचारेल, दही विचारेल. हे विचारेल का?" तिने चटईवरच्या दगडांकडे हनुवटी केली. "नाही विचारणार. हिला आता माहीत झालंय. दुसऱ्याला शिकवायला पुन्हा मीच का मरू?"

कुणीतरी हसलं. ओदुओर उठले. "शनिवारी येतो," ते म्हणाले. "गाडी घेऊन. त्या दिवशी ताप असला तर मी कुणाचं ऐकणार नाही." जाताना दारात त्यांची काठी अडखळली.

डॉक्टर ओकुमूंना फोनवर सांगताना रिस्पर रडली. ते म्हणाले, "रविवारपासून पुन्हा एक मोज. ताप उतरला की पुन्हा गोळी. आणि तुझं रक्त किती आहे म्हणालीस?"

मंगळवारी पक्का निकाल आला: तेच जंतू, गोळीला दबणारे. त्या दिवशी ताप नव्हता. बुधवारीही सकाळी नव्हता. बुधवारी आठ वाजता रिस्पर तळहातावर गोळी घेऊन खाटेजवळ उभी राहिली, आणि न्यार गेमने हात पुढे केला नाही. तिने आधी गोळीकडे बघितलं, मग रिस्परकडे. सगळा वॉर्ड बघत होता. रिस्परला वाटलं, सोमवारी बोलली ती तापात बोलली, आता शुद्धीवर आहे आणि आता ती नाही म्हणणार.

"आ कर," न्यार गेम म्हणाली.

"काय?"

"तोंड उघड. जीभ बाहेर. बघू आधी काय आहे ते."

रिस्परने तोंड उघडलं. न्यार गेमने तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि गालाच्या आतपर्यंत बघितलं. मग लिओनिडाने बघितलं. मग न्यार गेमने स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली आणि गोळी घेतली.

त्यानंतर रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला हेच. शेजारची बाई, जिने मान वळवली होती, ती आता मान लांब करून बघायची. जेनिफानेही एकदा ट्रॉली थांबवून रिस्परची जीभ बघितली आणि तिच्या हातावर लोहाची गोळी ठेवली. पण रिस्परच्या जिवाला स्वस्थता नव्हती. ती दिवसातून सहा वेळा ताप बघायची. छत्तीस पूर्णांक आठ. छत्तीस पूर्णांक सहा. सदतीस आला की ती पाच मिनिटांनी पुन्हा बघायची.

शनिवारी ओदुओर गाडी घेऊन आले. ताप नव्हता. न्यार गेम खाटेवर बसून उगाली खात होती, पूर्ण. संध्याकाळी पाचला शेवटची गोळी गेली.

"आणखी आठ दिवसांच्या बांधून दे," ते म्हणाले. "घरी घेईल. सावध असलेलं बरं."

जेनिफा ट्रॉलीमागे उभी होती. लिओनिडाही बघत होती. पाकीट रिस्परच्या समोर होतं, हात पुढे केला की काम झालं असतं, सगळे खूश झाले असते, आणि मुख्य म्हणजे तिला झोप लागली असती.

"नको," ती म्हणाली. "सात दिवस पुरे झाले. या वेळी खरे सात." तिने पाकीट कपाटात ठेवलं. "मंगळवारी इथे ये, मावशी. ताप बघू. मध्ये काही वाटलं तर त्याच क्षणी."

रविवार गेला. सोमवार गेला. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला ती दाराकडे बघायची. मंगळवारी सकाळपासून तिने रांगेतल्या प्रत्येक बाईचा चेहरा बघितला. दहा वाजले, अकरा वाजले. न्यार गेम आली नाही. बाराला रिस्परने थर्मामीटर खिशात टाकला, जेनिफाला सांगितलं की येते, आणि पोट सांभाळत बाजाराच्या रस्त्याने निघाली. वाटेत तिने मनात सगळं बघून घेतलं: झोपडीचं दार बंद, अंगणात माणसं, आणि लिओनिडा एका बाजूला एकटी उभी.

न्यार गेम बाजारात होती. गोणपाट पसरून, ओदोव्याचे ढीग लावून, नेहमीच्या जागी. शेजारी, कुंपण नसलेल्या जागेत, लिओनिडा ओमेनाची टोपली घेऊन बसली होती.

"मंगळवारी यायला सांगितलं होतं," रिस्पर म्हणाली.

"मंगळवारी बाजार असतो," न्यार गेम म्हणाली. "तुला माहीत नाही?"

रिस्पर गोणपाटाच्या कडेला गुडघ्यांवर बसली, थर्मामीटर तिच्या काखेत घातला आणि हात दाबून धरला. आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. यंत्र वाजलं. छत्तीस पूर्णांक सहा. तिने पुन्हा बघितलं, मग लिओनिडाला दाखवलं, जरी लिओनिडाला आकडे वाचता येत नव्हते. लिओनिडाने मान हलवली.

तिथे बसल्याबसल्या तो वास आला, सारवलेल्या भिंतीचा. रिस्परचा हात तिच्याही नकळत जवळच्या ढिगाकडे गेला. न्यार गेमने गोणपाटाचं टोक उचलून ढिगावर पांघरलं.

"तुला नाही विकणार. पोटातलं बाहेर येईपर्यंत तर नाहीच. लोहाची गोळी घेतलीस आज?"

"घेतली."

"आ कर."

रिस्परने भर बाजारात तोंड उघडलं.